पहिल्या शिकारीला बोल्ट-अ‍ॅक्शन न्यावी की सेमी-ऑटो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे सोलापूरचे, सध्या एच-१बीवर ऑस्टिनला. ऑफिसातला मित्र नोव्हेंबरात त्याच्या सासऱ्यांच्या रँचवर तुम्हाला शिकारीला नेणार आहे. सकाळी व्हाइटटेल हरण, रात्री रानडुकरं असा बेत आहे. त्याच्याकडे .३०८च्या (हे काडतुसाचं माप) दोन रायफली आहेत, एक जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रेमिंग्टन ७०० आणि दुसरी एआर-१० धर्तीची सेमी-ऑटोमॅटिक. हवी ती देईन म्हणतोय. तुम्ही डावखुरे आहात आणि आजवर फक्त एनसीसीच्या कॅम्पात .२२ चालवली आहे. तुमचा कल सेमी-ऑटोकडे, कारण ‘पहिली गोळी चुकली तर दुसरी लगेच मारता येईल’. शौक लागला तर पुढे स्वतःची रायफल घ्यायची, ती कोणती, हेही विचारलंय.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे सॅन अँटोनियोजवळ राहिलो आणि तिथे बंदूक दुरुस्तीच्या एका दुकानात बरीच वर्षं काम केलं. आता जुळे सोलापुरात असतो. शिकारीला गेलोय, पण मोठा शिकारी असल्याची मिजास माझ्यात नाही. माझं जे काही ज्ञान आहे ते लोकांनी दुरुस्तीला आणलेल्या रायफली आणि रेंजवर त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलेले हात, यांतून आलेलं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. हरणासाठी रेमिंग्टन घ्या. डुकरांसाठी सेमी-ऑटोचा फायदा खरा आहे, पण या वर्षी तुमच्या हातात नको. आता कारणं. तुमची परिस्थिती वेगळी असती तर माझं उत्तरही बदललं असतं, म्हणून ती नीट वाचा.

तुम्हाला वाटतंय की प्रश्न रायफलीचा आहे. मला तो दुसऱ्या गोळीचा वाटतो. सावज जखमी होऊन रानात निघून जाईल आणि सगळ्यांसमोर फजिती होईल, ही भीती तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसते. भीती रास्त आहे. फक्त त्यावरचा इलाज तुम्ही यंत्रात शोधताय.

दोन्हींची रचना आधी बघू. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलला की मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत जातं, आणि दांडा खाली पाडला की बोल्टचे कान खाचेत बसून कुलूप लागतं. माउझरने १८९८ साली ही रचना पक्की केली. तुमच्या मित्राची रेमिंग्टन ७०० १९६२ पासून बाजारात आहे, तिच्यातही तत्त्व तेच. सेमी-ऑटोत हे काम गोळीमागचा गॅस करतो. नळीला एक बारीक भोक असतं, त्यातून थोडा गॅस मागे वळतो आणि बोल्टला रेटतो, पुंगळी उडते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि नवं काडतूस भरलं जातं. ट्रिगर प्रत्येक गोळीला वेगळा दाबावाच लागतो. सिनेमात दिसते तशी धडधड म्हणजे फुल-ऑटो, ती गोष्ट वेगळी.

सोलापूरकराला सांगायचं तर हा हातमाग आणि यंत्रमागाचा फरक आहे. यंत्रमाग भराभर विणतो, पण त्याला तेल, ताण, सूत सगळं नेमकं लागतं आणि दोरा तुटला की जाणता माणूस शेजारी लागतो. हंगाम उघडायच्या आधीच्या आठवड्यांत दुकानात रांग लागायची ती सेमी-ऑटोवाल्यांची. वर्षभर कपाटात पडलेली रायफल, गॅसच्या वाटेत साचलेला कार्बन, वाळून चिकट झालेलं तेल, मॅगझिनचे ओठ वाकलेले, नाहीतर कुठूनतरी स्वस्तात आणलेली काडतुसं. यातलं काहीही झालं तरी बोल्ट पूर्ण मागे जात नाही, किंवा पुढे येऊन अर्ध्यात अडकतो. सांभाळलेली सेमी-ऑटो अतिशय भरवशाची असते, यात शंका नाही. पण ती मित्राने सांभाळली आहे की त्याच्या सासऱ्यांनी, की कुणीच नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. बोल्ट-अ‍ॅक्शन दुकानात यायची ती बहुधा वर बसवलेल्या नेम धरायच्या दुर्बिणीचे स्क्रू सैल झाले म्हणून. ते काम पाच मिनिटांचं.

अचूकतेबद्दल लोक तासन् तास वाद घालतात. तो वाद तुमच्यासाठी निरर्थक आहे. टेक्सासात खासगी रानात हरणासाठी फीडर ठेवून मक्याचे दाणे टाकायला परवानगी आहे, आणि साधारण १०० यार्डांवर लाकडी खोपट्यात, म्हणजे ब्लाइंडमध्ये बसून वाट बघायची असते. व्हाइटटेलच्या छातीत फुप्फुसं आणि हृदयाचा भाग अंदाजे आठ इंच व्यासाचा धरतात. बरी बोल्ट-अ‍ॅक्शन १०० यार्डांवर एक-दीड इंचात गोळ्या बसवते, बरी सेमी-ऑटो दोन इंचात. आठ इंचांच्या पुढे अर्ध्या इंचाचा फरक काय करणार? फरक पडतो तो ट्रिगरचा. लष्करी धाटणीच्या एआरचा मूळ ट्रिगर बहुतेक वेळा जड आणि खरखरीत असतो. नवखा माणूस तो ओढताना मूठही आवळतो आणि नळी हलते. रेमिंग्टनचा ट्रिगर साधारण हलका आणि साफ सुटतो. दोन्ही रिकाम्या करून, दोनदा तपासून, मित्रासमोर दाबून बघा, तुम्हालाच कळेल.

आता दुसऱ्या गोळीकडे येऊ, कारण सगळं अडलंय तिथेच.

.३०८ सुटली की धक्का बसतो, दुर्बिणीतलं चित्र उडतं आणि हरण जागेवरून गेलेलं असतं. फुप्फुसातून आरपार गोळी गेलेलं हरणही पन्नास-शंभर यार्ड पळतं, हे नवख्याला माहीत नसतं. त्याला वाटतं, चुकली. सेमी-ऑटो हातात असेल तर त्या क्षणी त्याचं बोट आपोआप हलतं आणि पळत्या हरणामागे दोन-तीन गोळ्या जातात. त्यातली एक पोटात किंवा मांडीत लागते, किंवा हरणामागे कोण आहे ते न बघता कुठेतरी जाते. रँचवर दुसरा ब्लाइंड त्याच दिशेला असू शकतो. पळत्या जनावरावर गोळी टाकणं हे वेगळं कसब आहे आणि ते एआरबरोबर मिळत नाही.

वेळेचा हिशोबही मांडून बघा. सरावलेला माणूस बोल्ट दीडेक सेकंदात फिरवतो. सेमी-ऑटोचा तो वेळ शून्य. पण धक्क्यानंतर जनावर पुन्हा दुर्बिणीत सापडायला, ते उभं आहे की पडलंय की आडवं झालंय हे कळायला नवख्याला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बोल्ट फिरवण्यात जो वेळ जातो, तो तसाही तुमच्याकडे रिकामाच होता. रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट फिरवायचा, डोळा दुर्बिणीतच ठेवायचा आणि हरण कुठल्या झुडपापाशी नाहीसं झालं ते लक्षात ठेवायचं, एवढं जमलं तर तुमचं काहीच बुडत नाही.

बोल्टचाही एक खरा तोटा आहे, तो लपवत नाही. घाबरलेला माणूस दांडा अर्धाच मागे ओढतो. पुंगळी नीट बाहेर पडत नाही किंवा खालचं काडतूस उचललं जात नाही, आणि मग चेंबर रिकामंच. याला उपाय एकच, सराव. नकली काडतुसं मिळतात, ती भरून घरी बसल्या बसल्या बोल्ट पूर्ण मागे, पूर्ण पुढे करत राहा. जोरात ओढायला लाजू नका, रेमिंग्टन मोडत नाही.

सुरक्षेच्या बाजूनेही बोल्टच बरी. सेमी-ऑटो गोळी सुटल्या क्षणी पुन्हा भरलेली असते, तुम्ही काही केलं नाही तरी. आनंदाच्या भरात माणूस तशीच रायफल हातात घेऊन ब्लाइंडच्या शिडीवरून उतरतो. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये दांडा वर करून मागे ओढून ठेवला की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं, रायफल मोकळी आहे. नव्या माणसाला सोबत नेणाऱ्याला याचा किती दिलासा वाटतो, ते तुमच्या मित्राला विचारा. आणखी एक बारीक गोष्ट. पहाटे अंधारात ब्लाइंडमध्ये बसल्यावर काडतूस चेंबरमध्ये भरायचं असतं. बोल्ट हळूच, आवाज न करता पुढे नेता येतो. सेमी-ऑटोचा बोल्ट मागे ओढून सोडूनच द्यावा लागतो. खळ्ळकन आवाज होतो. आवाज टाळायला हाताने धरून सोडला तर तो पूर्ण बसेलच असं नाही.

डावखुरेपणामुळे तुमचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं होतं. मित्राच्या रेमिंग्टनचा दांडा उजवीकडे असणार. उभ्याने मारायची असती तर डावा हात दुर्बिणीवरून पलीकडे न्यावा लागला असता, आणि मी कदाचित एआर सुचवली असती, कारण तिचा चार्जिंग हँडल मागे मध्यभागी असतो. पण ब्लाइंडमध्ये रायफल खिडकीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकलेली असते. डावा हात ट्रिगरवर तसाच राहू द्या आणि मोकळ्या उजव्या हाताने बोल्ट फिरवा. खरं तर ही सोयच आहे. एआरमध्ये पुंगळ्या उजवीकडे, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून उडतात. बहुतेक एआरला पुंगळी पुढे वळवणारा उंचवटा असतो, तरी नवखा माणूस दचकतो आणि पुढच्या गोळीला डोळे मिटतो. स्वतःची घ्याल तेव्हा डाव्या हाताची बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या. सॅव्हेज, टिक्का, रूगर असे बरेच जण ती बनवतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, टेकवून, शंभर यार्डांवर, उभ्या हरणावर, नवख्या माणसाने एक गोळी मारायची आहे. या कामात सेमी-ऑटोचा एकही गुण उपयोगी पडत नाही आणि तिचे दोष मात्र लागू पडतात.

डुकरांचं गणित उलटं आहे. तिथे कळप येतो, पहिल्या गोळीला पांगतो आणि शेतकऱ्याला त्यातली जितकी कमी होतील तितकी हवी असतात. टेक्सासात या डुकरांना बंद हंगाम नाही, खासगी जमिनीवर रात्रीही मारता येतात. इथे सेमी-ऑटोवाला बोल्टवाल्यापेक्षा सरस ठरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण अंधार, थर्मल दुर्बीण, चारही दिशांना पळणारी जनावरं आणि सोबत दोन-तीन माणसं, यात पहिल्यांदा रायफल धरणाऱ्याने भराभर गोळ्या मारू नयेत. रात्री मित्राच्या शेजारी बसा, त्याला मारू द्या, बघा. पुढच्या वर्षी बोलू.

स्वतःची घेण्याबद्दल फार लिहीत नाही. साधी नवी बोल्ट-अ‍ॅक्शन पाचशे डॉलरच्या आसपास येते, एआर-१० धर्तीची बरी रायफल हजाराच्या पुढे जाते. उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीत आणि काडतुसांत घाला. .३०८चा धक्का खांद्याला नकोसा वाटला तर .२४३ घ्या, धक्का जवळजवळ निम्मा आणि व्हाइटटेलला पुरेशी. मधला मार्ग हवा असेल तर ६.५ क्रीडमूर. हरणासाठी .२२ रिमफायर टेक्सासात चालत नाही. काडतूस सॉफ्ट पॉइंट किंवा तत्सम, शिकारीसाठी बनवलेलंच. रेंजवरची पूर्ण जॅकेटची स्वस्त गोळी न पसरता आरपार जाते आणि जनावर तडफडत राहतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण रायफलीच्या निवडीपेक्षा मोठं आहे. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूकच काय, काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यांतला तुमच्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल तासाभरासाठी हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जातं. इथे एक खड्डा आहे. २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुकरं मारायला परवाना लागत नाही, त्यामुळे मित्र सहज म्हणेल की डुकरांना काही नको. त्याला नको असेल, तुम्हाला हवाच, कारण संघीय अपवाद परवान्यावरच उभा आहे. रेंजवर सरावाला जाण्याआधीसुद्धा तो खिशात हवा. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. स्वतःची रायफल घेतली आणि सप्टेंबरात नवा परवाना काढायला विसरलात, तर घरातली रायफल एका रात्रीत बेकायदा होते. ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्याने हा धोका पत्करू नये. इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. प्रौढांना तो ऑनलाइन करता येतो. बाकी राज्यांचे नियम निराळे आहेत. पेन्सिल्व्हेनियात तर मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटो रायफलीला वर्षानुवर्षं मनाई राहिली आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये बहुतेक सेमी-ऑटो बंद केल्या. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपुढे हा प्रश्न उरतच नाही.

इथे सोलापुरात वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारणारच, की आमच्या उसात डुकरं घुसतात, आम्ही काय घ्यावं? दादा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शौकाची शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान झालं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पंचनामा आणि भरपाईची वाट तीच, आणि रानडुकरांच्या बाबतीत मारण्याची परवानगी मिळाली तर तीही त्याच खात्याकडून, लेखी. सेमी-ऑटो रायफल आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही. .३०३ आणि ७.६२ तर बोल्ट-अ‍ॅक्शन असल्या तरी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या नळीच्या मापांत मोडतात. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, पिकात आलं म्हणून त्याला हात लावता येत नाही.

काळविटावरून आठवलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर तुम्ही लहानपणी जे कळप पाहिले असतील, तेच जनावर तुम्हाला टेक्सासच्या हिल कंट्रीत कुंपणामागे चरताना दिसेल. १९३२ च्या सुमारास तिथे आणून सोडलं, ते चांगलंच रुजलं. इतकं, की पाकिस्तानात ते नामशेष झाल्यावर १९७० च्या दशकात पुन्हा वाढवायला टेक्सासातून नेलं. तिथे पैसे भरून त्याची शिकार करतात आणि ती कायदेशीर आहे. मी कधी केली नाही. नान्नज पाहिलेल्या माणसाचा हात उचलत नाही, एवढंच. तुमचं तुम्ही ठरवा.

निघायच्या आधी रेंजवर जा आणि तीच रेमिंग्टन, तीच दुर्बीण, त्याच डब्यातली काडतुसं घेऊन मारा. कानावर मफ आणि आत प्लगही, .३०८चा आवाज उघड्या कानाला कायमची इजा करतो. कागदावर एक छोट्या ताटलीएवढा गोल काढा. टेकवून, शंभर यार्डांवर, घाई न करता सलग पाच गोळ्या त्यात बसल्या तर तुम्ही तयार आहात. नाही बसल्या तर या वर्षी मित्रासोबत नुसते बसा. गोळी मारल्यावर सेफ्टी लावा, हरण जागेवर पडलं नसेल तर निदान अर्धा तास ब्लाइंडमधून हलू नका. लगेच मागे गेलात तर ते उठून दूर जातं.

आणि गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत घरी यायचा विचार असेल, तर शिकारीला वापरलेली सॅक आणि जॅकेट टेक्सासातच ठेवून या. अस्तरात घसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तर आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशीत दिवस जातो. तीच बॅग आणावी लागणार असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटका, मग भरा.